जुलै महिन्याचं पान

आमचे साडूभाऊ मँचेस्टरला असतात. दर डिसेंबरात ते आम्हाला तिथून काही ना काही पाठवतात. एका वर्षी त्यांनी चहा पाठवला. तो आपल्याच आसामचा होता. परदेशी जाऊन आल्यामुळे त्याची किंमत वाढली होती आणि चव होती तेवढीच राहिली होती. असं माझ्या माहितीतल्या काही माणसांच्या बाबतीतही झालेलं आहे, पण तो विषय वेगळा. गेल्या डिसेंबरात त्यांनी एक कॅलेंडर पाठवलं. सोबत चिठ्ठी होती : 'लॉरीची चित्रं आहेत. तुम्हाला आवडतील.'

आमच्या हिनं बाराही पानं उलटून पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"अहो, यात एकही लॉरी नाही."

"लॉरी हे चित्रकाराचं नाव आहे."

"म्हणजे ट्रक नाही काढत तो?"

"नाही."

"मग काय काढतो?"

"माणसं."

"एवढीशी?" असं म्हणून तिनं करंगळीचं पाव पेर दाखवलं.

चित्रकलेवरची समीक्षा याहून थोडक्यात मी कुठे वाचलेली नाही. एल. एस. लॉरी या ब्रिटिश चित्रकाराबद्दल तिकडच्या विद्वानांत जो वाद आहे, तो या एका शब्दात येतो. काडेपेटीतल्या काड्यांची माणसं काढणारा तो, असं कौतुकानंही म्हणतात आणि नाक मुरडूनही म्हणतात. तो गेल्यावर दोनच वर्षांनी, १९७८ साली, त्याच्या या काडीमाणसांवर एक गाणं निघालं आणि तिकडे ते पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. एखाद्या चित्रकाराचं एवढं झालं की त्याच्याबद्दल बरं बोलायला विद्वान कचरतात. मी विद्वान नाही. मी बी. कॉम. आहे, तोही सेकंड क्लास, आणि बँकेत क्लार्क आहे. तेव्हा बिनदिक्कत बोलतो.

कॅलेंडर स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी लागलं, कारण खिळा तिथेच होता. चतुर्थी, दुधाचे खाडे आणि गॅसचा नंबर हे कालनिर्णयकडे आणि दृष्टिसुख लॉरीकडे, अशी कामाची वाटणी झाली. जानेवारी ते जून दृष्टिसुख यथातथाच होतं. गिरण्या, धुराडी, काळवंडलेली घरं आणि गिरणी सुटल्यावर वाकून चालणारी माणसं. हे सॅलफर्ड आणि पेंडलबरी, मँचेस्टरच्या कुशीतली गिरणगावं. समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे परदेश?" त्यांचा फार हिरमोड झाला. पुतण्याला तिकडे शिकायला पाठवायचं त्यांच्या घरात चाललं होतं.

मग जुलै उजाडला आणि पान उलटलं.

चित्राचं नाव 'जुलै, समुद्रकिनारा'. १९४३ सालचं तैलचित्र. खरं चित्र सुमारे तीन फूट रुंदीचं असून तिकडच्या आर्ट्स कौन्सिलच्या संग्रहात आहे. आमच्याकडे आलं ते फूटभर. आता आपल्याकडे जुलै म्हणजे काय? बाहेर धो धो पाऊस आणि आत वाळत न वाळणारे कपडे. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत दोरी आहे. तिच्यावरचा माझा लेंगा नेमका त्या विलायती किनाऱ्यावर लोंबायचा. रोज सकाळी पावणेसातला चहा घेताना मी लेंग्याचा एक पाय बाजूला सारायचो आणि समुद्र पाहायचो. जुलैत आपल्याकडे समुद्रावर जायचं कुणाच्या मनात येत नाही. गेलंच तर पोलीस हाकलतात. तिकडे मात्र जुलै आला की अख्खं गाव समुद्रावर. त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन दिवस मी ते चित्र चुकीच्या महिन्यात छापल्यासारखं पाहत होतो.

समुद्र आहे, पण नावाला. वरच्या अंगाला पाण्याची पट्टी, तिच्यावर फिकट आभाळ. बाकी सगळा किनारा, आणि किनाऱ्यावर माणसंच माणसं. बाया, बाप्ये, पोरं, कुत्री. मी कॅशवर पंधरा वर्षं काढलेला माणूस. गठ्ठा दिसला की बोटं आपोआप मोजायला लागतात. दुसऱ्या दिवशी मी माणसं मोजायला घेतली. वरून खाली मोजली तेव्हा एक आकडा आला, खालून वर मोजली तेव्हा दुसरा. तिसऱ्या दिवशी तिसराच. टॅली होईना. चहा निवला, लेंगा कपाळाला चिकटला, आठ-सोळाची बस गेली.

मोजायला बसल्यामुळे एक गोष्ट झाली, ती नुसतं पाहून झाली नसती. लांबून सगळी माणसं एकाच साच्यातली वाटतात, तसं या चित्रकाराबद्दल लिहिणारेही म्हणतात. पण मोजताना प्रत्येकावर बोट ठेवावं लागतं. बोट ठेवलं की कळतं, कुणी पोक काढून उभा आहे, कुणी कुणाची तरी वाट पाहतो आहे, कुणी भांडून दोन पावलं पुढे निघून आलेली आहे. नाक नाही, डोळे धड नाहीत. जे काय आहे ते खांद्यांत आणि पायांत. पेन्शनर मंडळी पासबुक भरून घ्यायला येतात ना, त्यांच्या चेहऱ्याकडे आम्ही पाहत नाही. खिडकीतून अर्धं अंग दिसतं तेवढ्यावरून कळतं, आज यांच्या घरी काय झालंय ते.

हेच चित्र मी मोबाइलवर फोटो काढून आमच्या हेडकॅशियरना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ही आपली शाखा," ते म्हणाले, "एक तारखेची. सर्व्हर डाऊन असताना." आणि पुढच्या चेककडे वळले.

हसून झाल्यावर मी जागेवर येऊन बसलो आणि मला वाटलं, हेडकॅशियरांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. कारण हा लॉरी नावाचा माणूस स्वतःच हेडकॅशियर होता.

ही अतिशयोक्ती नव्हे. १८८७ साली मँचेस्टरजवळ त्याचा जन्म झाला. वडील एका घरजमिनीच्या पेढीत कारकून. याची नोकरी १९०४ साली हिशेबनिसांच्या ऑफिसात सुरू झाली. १९१० साली तो घरभाडी वसूल करणाऱ्या एका कंपनीत लागला, ती पाल माल प्रॉपर्टी कंपनी. तिथेच बेचाळीस वर्षं राहिला. आठवड्याच्या आठवड्याला गल्ल्यांतून दारोदार हिंडून भाडं गोळा करायचं आणि वहीत मांडायचं. शेवटी तो मुख्य रोखपाल झाला आणि १९५२ साली पासष्टाव्या वर्षी पेन्शन घेऊन रिटायर झाला. चित्रकला शिकला तो संध्याकाळच्या वर्गांत, अनेक वर्षं, नोकरी सांभाळून. तिथे आदोल्फ व्हालेत नावाचा एक फ्रेंच मास्तर त्याला भेटला, एवढंच काय ते नशीब.

आणि ही नोकरी त्यानं आयुष्यभर लपवली. मुलाखती घ्यायला येणाऱ्यांपुढे, चित्रं विकत घेणाऱ्यांपुढे तो तिच्याबद्दल अवाक्षर काढत नसे. बहुतेक जगाला ती कळली ती १९७६ साली तो वारल्यावर. धास्ती एकच, की लोक आपल्याला 'रविवारचा चित्रकार' म्हणतील. दिवसा खर्डेघाशी करणारा माणूस रात्री कलावंत असूच शकत नाही, असं लोकांना वाटतं. कलावंतानं कसं, उपाशी मरावं, दारू प्यावी, निदान दाढी तरी वाढवावी. नऊ ते पाच हजेरी लावून, दर महिन्याला पगार घेऊन, आईची औषधं आणून मग ब्रश हातात घेतला तर तो छंद. स्टँपं गोळा करण्यासारखा.

मला हे वाचून गुदगुल्या झाल्या आणि पाठोपाठ बोचलंही. मी उलटं लपवतो. मी लिहितो हे आमच्या ऑफिसात कुणाला माहीत नाही. एकदा एका दिवाळी अंकात माझं काही छापून आलं होतं तेव्हा आमच्या शाखेतल्या एकानं (नाव नको, अजून आम्ही शेजारी बसतो) विचारलं होतं, "हा कोण तुमचा नाववाला? बरंय बुवा, कामं नाहीत लोकांना." मी म्हटलं, "खरंय." लॉरीनं नोकरी लपवली आणि मी लेखन लपवतो. दोघांचं म्हणणं एकच, की ह्या दोन गोष्टी एका माणसाच्या असू शकतात हे लोकांना पटायचं नाही. फरक इतकाच की त्याचं १९५३ सालचं मॅचला निघालेल्या गर्दीचं चित्र २०२२ साली लिलावात अठ्ठ्याहत्तर लाख पौंडांना गेलं आणि माझ्या त्या लेखाचा चेक मी स्वतःच आमच्या शाखेत क्लिअरिंगला टाकला तेव्हा तो सही जुळत नाही म्हणून परत आला.

असो. चित्राकडे येऊ.

हे गाव कोणतं, हा प्रश्न आमच्या घरात आठवडाभर गाजला. नावात गाव नाही. साडूभाऊंना फोन केला तर ते म्हणाले, "लिदम असणार. आम्ही जातो ना तिथे." जिथे जिथे साडूभाऊ जातात तिथे तिथे जगातल्या घटना घडतात, हे मला लग्नापासून माहीत आहे. लॉरी लहानपणी आईवडिलांबरोबर सुट्टीत लिदम सेंट अ‍ॅन्सला जायचा हे खरं. पण तो वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर ऱ्हिललाही जायचा. मी ऱ्हिलची बाजू घेतली. अभ्यासानं नव्हे, साडूभाऊ लिदम म्हणाले म्हणून.

बाजू घेतली म्हटल्यावर मग वाचणं आलं. हे ऱ्हिल म्हणजे एकेकाळची कोळ्यांची वस्ती. १८४८ साली चेस्टरहून वेल्सच्या किनाऱ्यानं आगगाडी आली आणि गावाचं नशीब फिरलं. लँकेशरच्या गिरण्या, मँचेस्टर-लिव्हरपूलची गर्दी, सगळी दोन-तीन तासांच्या अंतरावर आली. लोक मिळाले, तशी हॉटेलं झाली, समुद्राकाठचा हमरस्ता झाला, आणि १८६७ साली समुद्रात लांबच लांब धक्का बांधला गेला. धक्का कशाला, तर जहाजं लागायला आणि त्याहून जास्त चालायला. समुद्रात न भिजता समुद्रात गेल्याचं समाधान. (तो धक्का मोडकळीला येऊन १९७३ साली पाडला.) ऱ्हिल, लँडुडनो, ब्लॅकपूल, सगळ्यांची गोष्ट थोडीफार हीच. गिरणगावं उन्हाळ्यात एकेक आठवडा बंद ठेवायची. एका गावाची सगळी धुराडी एकदम थंड, आणि सगळं गाव गाडीत. त्या आठवड्याचा पगार पूर्वी मिळत नसे. पगारी सुट्टीचा कायदा झाला १९३८ साली. तोवर वर्षभर दर आठवड्याला चार-दोन नाणी मंडळात जमा करायची आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी ती उचलायची. आमच्या भाषेत रिकरिंग. म्हणजे चित्रातली ही माणसं समुद्रावर आलीत ती वर्षभर हप्ते भरून आलीत. मुदतपूर्तीची ही गर्दी आहे. हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर (चेहरे नाहीत, तरी) जो एक गंभीरपणा आहे त्याचा उलगडा होतो. एवढे पैसे भरलेत म्हटल्यावर मजा ही जबाबदारीनं करावी लागते.

तरी गाव कोणतं ते ठरेना. मी बारकाईनं पाहिलं. चित्राला पत्त्याचा पुरावा नाही. केवायसीत हे चित्र पहिल्या फेरीत बाद. आणि पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, पुरावा सापडणारच नाही. लॉरी पुष्कळदा चार गावांचे चार तुकडे जोडून पाचवं गाव तयार करायचा. इथलं धुराडं, तिथलं देऊळ, तिसरीकडचा जिना. कॅनव्हास कोरा घ्यायचा आणि आठवेल ते मांडत जायचं. साडूभाऊंना मी हे कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे थोडंफार लिदम आहेच."

ऱ्हिल असो की लिदम, त्या साली किनारे कुठे मोकळे होते? १९४३. दुसरं महायुद्ध भरात. इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवर काटेरी तारा आणि सुरुंग होते. लॉरी तेव्हा मँचेस्टरमध्ये एका मोठ्या दुकानाच्या छपरावर रात्री आगीचा पहारा करायचा आणि उजाडल्यावर पडकी घरं कागदावर उतरवायचा. दिवसा कंपनीचं भाडं. ज्या दारांवर थाप मारायची त्यातली काही दारंच राहिलेली नव्हती. अशा साली घरी येऊन त्यानं हे रंगवलं : जुलै, समुद्रकिनारा, आणि सगळी माणसं जागच्या जागी.

हे वाचून झाल्यावर मी पुन्हा मोजायला घेतलं. टॅली झाली नाहीच, पण आता घाई वाटेना.

आता चित्रात डावं-उजवं काय ते सांगतो. समीक्षा म्हटली की दोष दाखवावे लागतात, नाहीतर लाच खाल्ल्याचा संशय येतो. पहिला दोष, समुद्राला ओल नाही. आमच्या घरात त्या महिन्यात त्या समुद्राहून जास्त ओल होती. दुसरा, जुलै महिना असून कुणाच्या पायाशी सावली नाही. लॉरीच्या चित्रात ऊनच पडत नाही, पाऊसही फारसा नाही, हवामान खातंच बंद आहे. हा दोष मी बरेच दिवस धरून होतो. मग त्या पांढऱ्या रंगाची गोष्ट वाचली. हा गृहस्थ सगळं मिळून पाच रंग वापरायचा : आयव्हरी ब्लॅक, व्हर्मिलियन, प्रशियन ब्लू, यलो ऑकर आणि फ्लेक व्हाइट. वाण्याच्या दुकानात याहून जास्त डाळी असतात. त्यातला पांढरा हा खरा. त्यानं एकदा एका फळीवर पांढऱ्याचे थरावर थर दिले, ती बंद करून सहा-सात वर्षं ठेवून दिली, आणि मग दुसरी तशीच ताजी रंगवून शेजारी ठेवली. जुनी पांढरी सायीसारखी झाली होती, किंचित राखी, किंचित पिवळसर. त्याला हवी होती ती तीच. म्हणजे चित्र आज रंगवायचं आणि रंग उद्या पिकणार हे धरून चालायचं. मुदत ठेव म्हणतात ती हीच. या पांढऱ्यावर सावली टाकली असती तर माणसं वाळूवर टेकली असती. आत्ता ती टेकलेली नाहीत. कुणीतरी पांढऱ्या कागदावर मांडल्यासारखी आहेत, एक एक नोंद. हा दोष मी मागे घेतो. ओलीचा मात्र कायम ठेवतो.

कपड्यांबद्दल आमच्या हिचं म्हणणं मांडायला हवं. "समुद्रावर आलेत की ऑफिसला निघालेत?" ती म्हणाली. पाण्यात गेलेले आहेत, नाही असं नाही. पण बरीचशी मंडळी अंगभर कपड्यांत, बूट घालून वाळूत उभी. त्यांच्याकडे दुसरे कपडे नव्हते हे एक कारण. दुसरं कारण मला माहीत आहे, ते पुस्तकात नाही.

आमचे वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी आम्हाला आयुष्यात एकदा समुद्रावर नेलं, अलिबागला, मी आठ-नऊ वर्षांचा असताना. आई, आम्ही तीन भावंडं, आत्या आणि डब्यांची पिशवी. ओहोटी होती, किल्ल्यापर्यंत चालत जाता येत होतं. आम्ही गेलो. दादा आले नाहीत. ते किनाऱ्यावर उभे राहिले, पॅन्टीत खोचलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात ऑफिसचे बूट, आमच्या चपला एका हातात आणि पिशवी दुसऱ्या हातात, समुद्राकडे पाठ करून. समुद्राकडे पाठ का, तर एसटीचा स्टँड तिकडे होता आणि परतीची गाडी दिसायला हवी. आम्ही तासाभरानं आलो तरी ते तसेच. आई म्हणाली, "अहो, निदान पाय तरी बुडवा." ते म्हणाले, "बूट काढले तर मोजे कुठे ठेवू?" त्यावर आम्ही पुढे कित्येक वर्षं हसलो. भावंडं जमलो की मोज्यांचा विषय निघायचाच.

लॉरीच्या चित्रात समुद्राकडे पाठ करून उभी असलेली माणसं शोधावी लागत नाहीत. त्यांना बघून तो हसलेला नाही. हसवता आलं असतं, हात होता त्याचा तसा, कुत्री बघा. पण बूट घालून वाळूत उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय त्यानं नीट, जपून काढलेत. दर आठवड्याला दारात उभं राहून भाडं मागणाऱ्याला कळत असणार की मोजे कुठे ठेवायचे हा प्रश्न खरा असतो.

त्याची स्वतःची गोष्ट फारशी हसण्यासारखी नव्हती. १९३२ साली वडील गेले, मागे कर्ज ठेवून. आई अंथरुणाला खिळली ती सात वर्षं. हा दिवसभर नोकरी करायचा, आल्यावर तिचं करायचा आणि ती झोपल्यावर रात्री दहाच्या पुढे दोन वाजेपर्यंत रंगवायचा. आईला त्याची गिरण्यांची चित्रं आवडत नसत. शिडाच्या होड्या आवडत, म्हणून त्यानं होड्या काढून दिल्या. १९३९ साली लंडनला पहिलं प्रदर्शन झालं, टेटनं चित्र विकत घेतलं, आणि त्याच साली ऑक्टोबरात ती गेली. पुढे सरकारनं त्याला पाच वेळा मानसन्मान देऊ केले, १९६८ साली 'सर'कीसुद्धा. पाचही त्यानं नाकारले. आई गेल्यावर त्याला काय अर्थ, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणे. आमच्याकडे प्रमोशन नाकारतात ते बदली नको म्हणून. याची बदली कुठे व्हायची होती?

आईच्या मागे चारच वर्षांनी त्यानं लहानपणीचा समुद्र माणसांनी भरून काढला. आणि त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. पुढच्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा समुद्र काढत राहिला, पण नुसता. सनदरलंडजवळच्या एका हॉटेलात जाऊन राहायचा, खिडकीतून उत्तर समुद्र बघायचा. किनारा नाही, होडी नाही, पक्षी नाही, माणूस नाही. वर पांढरं, खाली पांढरं आणि मध्ये एक रेघ. भरतीचं पाणी एकदा परतलंच नाही, येतच राहिलं तर, असं आपल्या मनात येतं, हे त्यानं बोलूनही दाखवलं होतं. वेल्सलाही तो पुढे गेला, पण किनाऱ्याला नाही, दक्षिणेच्या कोळशाच्या खोऱ्यांत. बारगोड गावाचं १९६५ सालचं मोठं चित्र तिथलं. ही नुसत्या समुद्राची चित्रं मी साडूभाऊंनी पाठवलेल्या लिंकवर पाहिली. ती थोर आहेत असं म्हणतात. असतील. मी दोन मिनिटांत मोबाइल बंद केला. मोजायला काहीच नाही हो त्यात.

एका रविवारी ही भाकरी करत होती. वळून तिनं कॅलेंडरकडे पाहिलं, हात पिठाचा तसाच. म्हणाली, "कुणी कुणाशी बोलत नाहीये."

मी म्हटलं, "एवढी गर्दी आहे."

"गर्दी आहे. पण बघा ना. एकेकटाच आहे जो तो."

लॉरीनं स्वतःही आपल्या माणसांबद्दल हेच म्हटलेलं आहे, की ती एकटी आहेत आणि गर्दीइतकं एकटं काही नसतं, अशा अर्थाचं. मी हे चार पुस्तकी पानं चाळून शोधलं होतं. हिनं भाकरी उलटता उलटता सांगितलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर कॅलेंडर वाचण्यापेक्षा दळण आणा, असं झालं असतं.

मग तीच म्हणाली, "हा बघा, तुमचे दादा."

मी उठून गेलो. तिचं पिठाचं बोट किनाऱ्यावर एका जागी टेकलं होतं. बोट उचललं तर खाली पांढरा ठसा राहिला, आणि ठशाखाली कोण होतं ते दिसेना. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर ती ओरडली, "राहू द्या, कागद फाटेल."

ऑगस्ट लागला. कालनिर्णयचं पान तिनं एक तारखेला सकाळीच उलटलं, श्रावण सुरू होता, वार-व्रतं बघायची होती. शेजारचं पान कुणी उलटलं नाही. गणपतीत साडूभाऊंचा फोन आला. खुशाली झाली, तिकडचा पाऊस झाला, इकडचा झाला. मग त्यांनी विचारलं, "ऑगस्टचं चित्र कसं वाटलं?"

"अजून बघितलं नाही," मी म्हटलं.